टर्बो इंजिनाची निष्कास नळी : जुन्या मोटारीत ती कशी घडवितात

मोटारीच्या मागील नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूकडे कोणी आदराने पाहत नाही. तो उष्ण, मलिन आणि विषारी असतो. त्याला बसणाऱ्यांपासून दूर नेऊन हवेत सोडून द्यावे, एवढीच आपली अपेक्षा असते. परंतु हिशेब मांडून पाहिला तर या तिरस्कृत वायूची योग्यता निराळीच दिसते. पेट्रोलमध्ये साठविलेल्या ऊर्जेचे इंजिनात ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा भुजादंड फिरविण्याच्या कामी येतो, दुसरा थंड करणाऱ्या पाण्याबरोबर आणि तेलाबरोबर निघून जातो, आणि जवळजवळ तेवढाच तिसरा वाटा या निष्कास वायूबरोबर वाऱ्यावर जातो. हा तिसरा वाटा थोडाफार तरी परत मिळवावा, या विचारातून टर्बोचार्जर जन्माला आला.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. त्याची कल्पना सांगावयास सोपी आहे. बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेवर पात्यांचे एक चक्र ठेवावे. वायूच्या झोताने ते फिरेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे. ते बाहेरची स्वच्छ हवा ओढून, दाबून इंजिनात भरील. सिलिंडरात हवा अधिक गेली की इंधनही अधिक जाळता येते, आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. पहिल्या चक्राला टर्बाइन आणि दुसऱ्याला संपीडक म्हणतात. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेले. तेथील विरळ हवेत त्याची शक्ती २३० अश्वशक्तीपर्यंत उतरली होती. टर्बोचार्जर जोडल्यावर ती ३५६ झाली. मोटारींत मात्र हे यंत्र उशिरा आले. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्या निघाल्या. स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीने १९८१ च्या सुमारास आपल्या २४० या गाडीला टर्बो इंजिन दिले, आणि पुढे ७४० व ९४० या गाड्यांतून तेच इंजिन सुधारून वापरले.

या व्होल्व्हो इंजिनाशीच प्रस्तुत लेखाचा संबंध आहे. याच कंपनीची ॲमेझॉन नावाची एक जुनी गाडी आहे. १९५६ ते १९७० या काळात ती साडेसहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. स्वीडनबाहेर ती १२१, १२२ अशा आकड्यांनी ओळखली जाई. तिचा गोलाईदार सांगाडा भक्कम पत्र्याचा, इंजिन पुढे आणि चालक चाके मागे. पहिल्या गाड्यांचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते, शेवटच्यांचे सुमारे ११८ अश्वशक्तीपर्यंत पोचले. स्वीडनमधील हौशी मंडळी या गाडीतले जुने इंजिन काढून त्याच घराण्यातले पुढील पिढीचे २.३ लिटरचे टर्बो इंजिन तिच्यात बसवितात. त्याची शक्ती कारखान्यातूनच साधारण १५५ ते १८० अश्वशक्ती असते. इंजिन तर बसते. पण निष्कास नळी बसत नाही. मूळ नळी दुसऱ्या गाडीच्या मापाने ओतलेली आणि वाकविलेली असते. तेव्हा ती नवी घडवावी लागते, आणि या एका नळीच्या घडणीत पदार्थविज्ञानाची आणि धातुविद्येची जितकी प्रकरणे उघडतात तितकी फार थोड्या कामांत उघडत असतील.

दोन स्वभावांची नळी

वरवर पाहता नळी एकच दिसते. टर्बाइनमुळे मात्र तिचे दोन भाग पडतात आणि या दोन भागांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात. ही गोष्ट ध्यानात आली की पुढचे बहुतेक सर्व नियम आपोआप सुचतात. ती ध्यानात आली नाही तर कितीही सुबक काम केले तरी ते फुकट जाते.

पाणचक्कीचे उदाहरण घ्यावे. चक्र जोराने फिरावयाचे असेल तर वरच्या पाटातील पाणी झिरपून वाया जाता कामा नये, आणि खालचा पाट तुंबता कामा नये. वर पाणी कितीही असले आणि खाली वाट नसली तर चक्र जागच्या जागी उभे राहील. टर्बाइनचेही तसेच आहे. त्याला शक्ती मिळते ती दोन्ही बाजूंच्या दाबांतील आणि तपमानांतील फरकामुळे. म्हणून टर्बाइनपूर्वीची नळी आखूड, अरुंद, गळतीरहित आणि जितकी उष्ण राहील तितकी चांगली. तर टर्बाइननंतरची नळी जितकी रुंद आणि मोकळी तितकी चांगली.

या चक्राकडून केवढे काम होते याचा अंदाज घेण्याजोगा आहे. वरील इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असताना, आतील हवेचा दाब वातावरणाहून सुमारे ०.७ बार अधिक असेल, तर ते सेकंदाला अंदाजे १७५ ग्रॅम हवा ओढते. एवढी हवा एवढ्या दाबाला आणण्यासाठी सुमारे १२ किलोवॅट, म्हणजे १६ अश्वशक्ती लागते. ॲमेझॉनच्या पहिल्या इंजिनाच्या एकूण शक्तीच्या चौथ्या हिश्शाहून ही अधिक आहे, आणि ती तळहातावर मावेल अशा एका चक्रातून, फेकून दिलेल्या वायूकडून मिळते. त्यासाठी चक्राला मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घ्यावे लागतात.

चार सिलिंडरांचे इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा वायू बाहेर टाकते. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात सेकंदाला १०० ठोके टर्बाइनवर पडतात. या ठोक्यांतच पुष्कळ ऊर्जा असते. नळी लांब किंवा अवाजवी रुंद केली तर ठोका वाटेतच पसरून बोथट होतो आणि चक्र सुस्तपणे वेग घेते. चालकाने पाय दाबावा आणि गाडीने काही क्षण विचार करीत राहावे, असा अनुभव मग येतो. टर्बाइनपूर्वी 'मोठी नळी म्हणजे अधिक शक्ती' हा समज म्हणूनच खोटा आहे.

जागा कशी ठरते

घडणीचा आरंभ नळीपासून होत नाही. तो तेलापासून होतो. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते, पण परत जाताना केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. म्हणून टर्बोच्या मधल्या भागाचे तेल-निर्गमद्वार जवळजवळ सरळ खाली असावे लागते, आणि तेथून तेलपात्रापर्यंत सतत उतार असावा लागतो. ही अट पाळून टर्बो एकदा जागेवर धरला की त्याची दोन्ही कवचे त्या मधल्या भागाभोवती हवी तशी फिरवून घट्ट करता येतात. तेलाची अट विसरून आधी नळी जोडणाऱ्याच्या वाट्याला निळा धूर आणि पुन्हा पहिल्यापासून काम येते.

टर्बो कोणत्या बाजूला येईल हे मात्र इंजिनच ठरविते. व्होल्व्होच्या या इंजिनात निष्कासाची तोंडे गाडीच्या उजव्या बाजूला आहेत. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. पण गंमत अशी की तेव्हाही तेथील बहुतेक मोटारींचे सुकाणू डावीकडेच असे. त्यामुळे स्वीडिश ॲमेझॉनमध्ये सुकाणूची दांडी डावीकडे आणि टर्बो उजवीकडे, अशी सोयीची विभागणी आपोआप होते. भारत किंवा ब्रिटन यांसारख्या देशांतील, उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या गाडीत हेच इंजिन बसवावयाचे म्हटले तर लालबुंद तापणारे टर्बाइन आणि सुकाणूची दांडी एकाच अरुंद जागेत येतात. तेथे नळीची आखणी सुकाणूपासून सुरू करावी लागते.

ओतीव बिडाची मूळ शाखानळी, जिला कारागीर मॅनिफोल्ड म्हणतात, ती सांगाड्यास न लागता बसत असेल तर तीच ठेवणे शहाणपणाचे. बीड जड असते, दिसावयास ओबडधोबड असते; पण उष्णतेखाली ते आकार टिकविते आणि अशा नळीने कारखान्याच्या कसोट्या पार केलेल्या असतात. हौसेने तिच्या जागी चकचकीत नळ्यांचा जुडगा बसविणारे अनेक असतात. जागाच नसेल तेव्हा मात्र तो बांधण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

मापे घेण्यापूर्वी इंजिन त्याच्या रबरी आधारांवर कायमचे बसलेले असले पाहिजे. दोरखंडाने टांगलेल्या इंजिनावर घेतलेले माप उपयोगी पडत नाही. शिवाय इंजिन चालू गाडीत स्थिर नसते. जोर लागताच ते रबरी आधारांवर कलते. म्हणून नळी आणि पत्रा यांत बोटभर तरी अंतर ठेवतात, आणि ब्रेकच्या नळ्यांजवळ त्याहून पुष्कळ अधिक. नव्या ब्रेक-द्रवाचा उत्कलनबिंदू, तो डॉट ४ या दर्जाचा असेल तर, किमान २३०° सेल्सिअस असतो. पण हवेतील ओलावा शोषलेल्या द्रवाला १५५° एवढीच मर्यादा लागू आहे. द्रव नळीत उकळला तर वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि ब्रेकचा दाब चाकापर्यंत पोचत नाही. पोलादी पत्र्याचा एक साधा आडोसा, दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवून लावला, तर हा धोका बराच कमी होतो.

वाढणाऱ्या धातूची तरतूद

पूर्ण जोरावर असताना पेट्रोल इंजिनाचा निष्कास वायू ८५०° ते ९५०° सेल्सिअसपर्यंत तापतो. काळोखात पाहिले तर नळी शेंदरी रंगाने उजळलेली दिसते. अशा तपमानात सामान्य पोलादाचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचे खपले निघू लागतात. टर्बाइनमध्ये शिरलेला एक खपला पात्यांची नासाडी करावयास पुरेसा होतो. म्हणून टर्बाइनपूर्वीच्या नळीसाठी अगंज पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील निवडतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते. क्रोमियमच्या ऑक्साइडाचा अदृश्य पापुद्रा धातूवर पसरून त्याचे रक्षण करतो.

पण येथेही एक मेख आहे. ३०४ या क्रमांकाने ओळखले जाणारे नेहमीचे अगंज पोलाद सुमारे ४२५° ते ८५०° या टप्प्यात दीर्घकाळ राहिले तर त्यातील थोडासा कार्बन क्रोमियमला धरतो आणि त्यांचे संयुग धातूच्या कणांच्या सीमांवर गोळा होते. त्या सीमांलगत क्रोमियमची वाण पडते. पापुद्रा तेथे दुबळा होतो आणि धातू कणाकणांच्या फटीतून झिजू लागतो. ३२१ क्रमांकाच्या पोलादात यावर एक युक्ती योजलेली आहे. त्यात थोडे टायटॅनियम मिसळतात. कार्बनला क्रोमियमपेक्षा टायटॅनियमची ओढ अधिक असल्याने तो त्याच्याशी जोडला जातो आणि क्रोमियम आपल्या कामासाठी मोकळे राहते.

याहून मोठी अडचण प्रसरणाची. एक हिशेब पाहू. समजा, इंजिनाच्या पहिल्या आणि शेवटच्या निष्कास तोंडांत ३५ सेंटीमीटर अंतर आहे. इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असून पाण्याने थंड राहते. ते २०° वरून १००° पर्यंत तापले तर ३५ सेंटीमीटरांत सुमारे ०.६ मिलिमीटर वाढते. त्यालाच बोल्टांनी जखडलेली अगंज पोलादाची शाखानळी मात्र ७५०° नी तापली तर सुमारे ४.७ मिलिमीटर वाढू पाहते. म्हणजे चार मिलिमीटरांचा झगडा! हा झगडा कोणीतरी सोसलाच पाहिजे. बोल्ट तुटतील, नाहीतर पॅकिंग सरकेल, नाहीतर वितळजोडाच्या कडेला चीर पडेल. गाडी थंड झाली की नळी पुन्हा आकसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढते. आणि वारंवार मागेपुढे वाकविलेली तार जशी तुटते तशी ही नळी काही महिन्यांनी तुटते.

चांगला कारागीर धातूला वाढू देतो. चारही तोंडांना एकच सलग पाटी न लावता तो ती तोंडांच्या मधोमध कापून सुटी करतो. बोल्टांची भोके किंचित सैल ठेवतो. शाखा सरळ न नेता वळणाने नेतो, कारण वळण थोडेसे लवू शकते, सरळ दांडा लवत नाही. टर्बोचे सहा-सात किलोग्रॅम वजन या तापलेल्या, मऊ पडलेल्या नळ्यांवर न टाकता त्याला एक आधारपट्टी देतो. ती पट्टी इंजिनाच्या ठोकळ्यालाच जोडलेली असावी, सांगाड्याला कधीही नाही. सांगाडा स्थिर आणि इंजिन डुलणारे, यांच्यामध्ये सापडलेली नळी फार दिवस टिकत नाही.

शाखांसाठी पत्र्याच्या पातळ नळ्यांऐवजी वाफेच्या कारखान्यांत वापरतात त्या जाड भिंतीच्या वळणनळ्या घेण्याची रीत आहे. ४२.२ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या अशा नळीची भिंत २.७७ मिलिमीटर असते आणि आतून ती साधारण ३६.६ मिलिमीटर मोकळी असते. या इंजिनाच्या एकेका सिलिंडराला तेवढी वाट पुरते.

वळण आणि वितळजोड

नळी वाकविणे हे दिसते तितके सोपे नाही. पोकळ नळी गुडघ्यावर वाकविली की आतील बाजूस ती चेपते. यासाठी पूर्वी नळीत कोरडी वाळू ठासून, तोंडे बंद करून, शेगडीवर लाल करून ती वाकवीत. आता आत पोलादी गोळ्यांची साखळी घालून यंत्राने वाकविलेली तयार वळणे मिळतात. परंतु जुन्या गाडीत नेमके हवे ते वळण तयार मिळेलच असे नाही. तेव्हा सरळ नळीच्या तिरप्या फोडी करून त्या एकापुढे एक जोडतात. काटकोनाचे वळण पाच सांध्यांत साधावयाचे असेल तर प्रत्येक सांधा १८° चा होतो आणि प्रत्येक काप ९° चा. ७६ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मधल्या प्रत्येक फोडीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे २४ मिलिमीटर लांब ठेवावी लागते.

हा काप आखण्याची रीत विद्यार्थ्यांनी करून पाहण्याजोगी आहे. मेणबत्तीभोवती कागद घट्ट गुंडाळावा, ती तिरपी कापावी आणि कागद उलगडून पाहावा. कापाची कड सरळ रेषा नसते. ती लाटेसारखी असते. त्रिकोणमितीत जिला ज्या-वक्र म्हणतात तीच ही लाट. कारागीर असा कागद आधी काढून घेतो, नळीभोवती गुंडाळतो आणि त्याच्या कडेने खडूची रेघ ओढतो.

फोडी जागच्या जागी, इंजिनावरच, दोन-तीन ठिकाणी टाके मारून धरतात. सर्व नळी टाक्यांवर उभी राहिली, गाडीचे सर्व भाग जागेवर ठेवून तपासली, मगच ती काढून मेजावर पूर्ण जोडतात. वितळजोडासाठी टंगस्टनच्या टोकाशी विजेची ज्योत पेटवून तिच्याभोवती आरगॉन वायूचे आवरण ठेवतात. आरगॉन निष्क्रिय असल्याने वितळलेल्या धातूला ऑक्सिजन भेटू देत नाही. अनेकजण नळीच्या बाहेर आरगॉन सोडतात आणि आतील बाजू विसरतात. आत हवा असली तर जोडाची आतली बाजू करपून खडीसाखरेसारखी काळी, खडबडीत होते. तेथे जोड दुबळा होतो आणि त्यातून सुटलेले कण थेट टर्बाइनकडे जातात. म्हणून नळीची तोंडे बंद करून आतही मंद आरगॉन सोडावा लागतो.

जोडताना पाटी वाकडी होते, हाही नित्याचा अनुभव. वितळलेला धातू थिजताना आकसतो आणि दहा मिलिमीटर जाडीच्या पाटीलाही धनुष्याकार देतो. पाटी जाड ठोकळ्यावर बोल्टांनी आवळून, थोडे येथे थोडे तेथे असे जोडत गेल्यास वाक कमी येतो. उरलेला यंत्रावर घासून काढतात. जस्ताचा मुलामा दिलेला कोणताही तुकडा या कामात वापरू नये. त्याच्या वाफेने ज्वर येतो. विजेच्या ज्योतीतील अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात, त्यामुळे काळ्या काचेच्या ढालीवाचून हे काम पाहतही उभे राहू नये.

टर्बाइननंतरची वाट

आता खालचा पाट. येथे आकडेच बोलतात. वर सांगितलेल्या परिस्थितीत टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू सुमारे ७५०° सेल्सिअस असेल तर त्याचे घनफळ सेकंदाला अर्धा घनमीटर भरते. ५१ मिलिमीटर व्यासाच्या, आतून ४८ मिलिमीटर असलेल्या नळीतून तो जाऊ लागला तर त्याला सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने धावावे लागते. तीच नळी ७६ मिलिमीटरांची, आतून ७३ मिलिमीटरांची, केली तर वेग सुमारे १२० मीटरांवर येतो. घर्षणात आणि वळणांत जाणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिल्या नळीतील नुकसान दुसरीच्या पाचपटींहून अधिक होते. व्यासात केवळ दीडपट फरक, आणि नुकसानात पाचपट! म्हणून या इंजिनाला ६३ ते ७६ मिलिमीटरांची नळी देतात.

एवढी जाड नळी ॲमेझॉनच्या खालून नेणे ही स्वतंत्र कसरत आहे. मागील आस अखंड असून स्प्रिंगांवर वरखाली होते. नळी तिच्यावरून कमान करून न्यावी लागते आणि आस पूर्ण वर आली तरी तिला लागता कामा नये. इंजिन डुलते आणि सांगाडा डुलत नाही, म्हणून टर्बाइननंतर थोड्याच अंतरावर भात्यासारखा घडीदार, लवचीक तुकडा घालतात. पुढे नळी रबरी कड्यांत टांगतात. आवाज गिळणारी पेटीही सरळ वाटेची आणि आत तंतू भरलेली निवडतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. छोट्या प्रवासात ते नळीत साचते. तेव्हा नळीला कोठेही खोलगट पोट राहू देऊ नये. ऑक्सिजन मोजणारी खूण-कांडीही नळीच्या वरच्या अंगाला बसवितात, अन्यथा साचलेल्या थेंबाने तिची तापलेली चिनी माती तडकते.

अतिमोकळेपणाचा धोका

या टप्प्यावर एक विचित्र संकट उभे राहते, आणि तेच सर्वांत महाग पडते. टर्बोला हवेपेक्षा जास्त वेग येऊ नये म्हणून टर्बाइनच्या कवचात एक लहान झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि काही वायू चक्राला बगल देऊन परस्पर निघून जातो. कारखान्याने या झडपेचे भोक मूळच्या अरुंद नळीच्या हिशेबाने ठरविलेले असते. नळी मोकळी केली की टर्बाइनच्या दोन बाजूंतील फरक वाढतो, चक्र अधिक शक्ती घेते, आणि ते लहान भोक पूर्ण उघडूनही पुरत नाही. मग दाबाचा काटा मर्यादा ओलांडून हळूहळू चढत जातो.

चालकाला प्रथम आनंदच होतो, कारण गाडी जोरात धावते. पण सिलिंडरात दाब आणि तपमान वाढल्याने उरलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच एकदम पेट घेते. कारागीर याला नॉकिंग म्हणतात. खडे आपटल्यासारखा आवाज येतो, आणि तो काही सेकंद दुर्लक्षिला तरी दट्ट्याला भोक पडू शकते. यावर उपाय म्हणजे बगलवाटेचे भोक मोठे करणे आणि त्याचा प्रवाह मुख्य प्रवाहावर आडवा न आदळता थोडे अंतर समांतर जाऊन मिळेल अशी पुढची नळी घडविणे. दाबमापक लावल्याशिवाय आणि दाब चढताना इंधन तोडण्याची सोय केल्याशिवाय अशी गाडी जोराने चालवून पाहणे म्हणजे इंजिन पणाला लावणे होय.

गळतीची परीक्षा

टर्बाइनपूर्वीची गळती शक्ती घालविते. गाडीच्या तळाखालची गळती प्राण घालवू शकते. निष्कास वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. पन्नास-साठ वर्षे जुन्या गाडीच्या तळाला गंजाची भोके असतात, रबरी बूच सुकलेले असतात, आणि नळी नेमकी त्यांच्याखालून जाते. तेव्हा नळी बसविण्यापूर्वी तळ दुरुस्त करणे हे कामाचे अंगच समजावे. पूर्ण झालेल्या नळीचे मागील तोंड बंद करून तिच्यात हलक्या दाबाने हवा भरतात आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा दिसला की खडूची खूण करून तो जोड पुन्हा वितळवितात. परीक्षा थंड नळीवर होते, म्हणून ती एकदा करून भागत नाही.

अशी फेरबांधणी केलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी स्वीडनमध्ये तिची तपासणी होते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. प्रयोगशाळेच्या किंवा बंदिस्त मैदानाच्या बाहेर हा उद्योग करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या फेरीत इंजिन तापू देतात, जोर देत नाहीत. गाडी रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी प्रत्येक नटाला पाना लावून पाहतात. बहुतेक नट थोडे ढिले झालेले आढळतात, कारण पॅकिंग दबलेले असते आणि बोल्ट तापून किंचित लांबलेले असतात. ते आवळून गाडी पुन्हा तापवितात, पुन्हा थंड करतात, पुन्हा आवळतात. तिसऱ्या खेपेस नट जागचा हलला नाही तर बॅटरीचा दिवा घेऊन कारागीर गाडीखाली शिरतो आणि प्रत्येक वितळजोडाची कड केसाएवढ्या चिरेसाठी न्याहाळू लागतो.